दुपारची पाहुणी

‘आपल्या घरच्या पाहुणीचा पाणीवाटा रविवारी संपत आहे. पाहुणी राहणार असल्यास कायम नोंद करावी. अन्यथा घरच्या नळाचा दाब निम्म्यावर आणला जाईल.’

जलकेंद्राचा हा निरोप प्रमिलाबाई ढोबळे यांच्या फोनवर आला, तेव्हा त्या मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. घरात माणसं तीन. त्या स्वतः, मुलगा निनाद आणि सून केतकी. दिवाळीनंतर उंबऱ्याच्या आत चौथं पाऊल पडलेलं त्यांना आठवत नव्हतं. मग त्यांच्याच घरात पाणी वापरणारी आणि त्यांना एकदाही न दिसलेली ही बाई कोण?

“केतकी, आपल्याकडे कोण पाहुणी आलीय गं?”

केतकी पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरवर तिच्या कंपनीचं काम करत होती. “काही नाही हो आई. केंद्राचा काहीतरी घोळ असेल. मी बघते त्यांच्याकडे.”

बोलताना तिने मान वर केली नाही. प्रमिलाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे.

कारण केंद्र बाकी काहीही करील, माणसं मोजण्यात घोळ घालणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तळेगावपासून यवतपर्यंत सगळं एकच शहर झालं होतं आणि धरणं मात्र होती तेवढीच राहिली होती. तेव्हा माणशी पाणी द्यायचं ठरलं. माणशी म्हटल्यावर आपल्या लोकांच्या घरात माणसं वाढायला कितीसा वेळ लागतो? स्वर्गवासी आजोबा वर्षानुवर्षं आंघोळ करत राहिले. कॅनडात नांदणाऱ्या लेकी माहेरी रोज धुणं धुऊ लागल्या. केंद्राने कागदपत्रं मागितली, लोकांनी कागदपत्रं दिली. पाणी काही पुरेना.

मग जलठसा आला. कल्पना तशी साधी होती. नळ उघडला किंवा बंद केला की पाइपातल्या पाण्याला धक्का बसतो आणि त्याची लहर पाइपातून मागे जाते. जुन्या इमारतीत कोणी खटकन नळ बंद केला की भिंतीतून ‘ठण्ण’ आवाज यायचा, तो हाच धक्का. ही लहर प्रत्येकाची वेगळी असते. कोणी एका झटक्यात नळ उघडतो, कोणी चाचपत उघडतो, कोणी भांडं भरत आलं की हळूहळू आवळत नेतो. अंगठ्याचा ठसा तसा हा पाण्यातला ठसा. प्रत्येक घराच्या पाइपावर एक पेटी बसली. ती रात्रंदिवस लहरी ऐके आणि घरात खरोखर किती हात नांदतात ते केंद्राला कळवी. लोक तिला ‘कान’ म्हणू लागले. हात जवळ नेताच आपोआप वाहणाऱ्या नळांवर बंदी आली आणि पिळायचे जुने नळ पुन्हा घरोघर बसले. त्या एका महिन्यात सगळे आजोबा सुखाने वारले.

प्रमिलाबाईंना हा कान पहिल्यापासून पसंत होता. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवणकाम शिकवलं होतं आणि टाके बघून हात ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. एखादीने घरून झबलं शिवून आणलं की त्या उलटं करून बघत आणि शांतपणे म्हणत, “गळा तुझा आहे. बाह्या आईने घातल्यात.” मुली रडत, पण कबूल करत. यंत्रालाही आपल्यासारखंच कळतं याचं त्यांना कौतुक होतं.

आता तेच यंत्र सांगत होतं की घरात चौथा हात आहे.

मनात एकदा संशय शिरला की सगळीकडे तेच दिसू लागतं. दुपारी जेवून त्या तासभर पडत. उठून बघावं तर ओट्याखाली ओल. बाल्कनीतला मोगरा पाणी जास्त होऊन पिवळा पडत चालला होता. केतकी हल्ली अर्ध्या बादलीत आंघोळ उरकत होती, कपडे दोन-दोन दिवस साठवत होती. घरात कोणाला तरी पाणी पुरवायचं असल्याशिवाय कोणती सून असं करील? बरं, केतकी दिवसभर घरीच. मागचं दार जिन्यात उघडतं. आपण झोपलो की कोणी येत असेल, चूळ भरून, पाणी पिऊन जात असेल. येणारी बाईच आहे कशावरून, हाही विचार त्यांच्या मनात आला, आणि आल्यावर गेला नाही.

त्यांनी सापळा लावला. दुपारी पडण्याआधी स्वयंपाकघरातल्या नळाच्या पिळायच्या चकतीला खालच्या बाजूने तेलात कालवलेलं कुंकू लावलं. उठल्यावर पाहिलं तर कुंकू पुसलेलं. त्या तडक केतकीच्या खोलीत गेल्या आणि काही बोलायच्या निमित्ताने तिचे हात बघून घेतले. बोटं स्वच्छ होती. केतकी मात्र त्यांच्याच हातांकडे बघत होती.

“आई, हात धुऊन घ्या,” ती म्हणाली. “मी चहा टाकते.”

प्रमिलाबाईंची दोन बोटं लाल होती. लावताना लागलं असणार. त्यांनी ती पदराला पुसली.

हे निनादच्या कानावर घालायचं म्हणजे आगीत तेल. रांजणगावच्या कारखान्यातून तो वैतागूनच घरी येई, आणि गेल्या वर्षी केतकीच्या एका जुन्या मित्रावरून त्या दोघांत असं काही वाजलं होतं की ती महिनाभर माहेरी होती. या वेळी गेली तर परत यायची नाही, हे प्रमिलाबाईंना पक्कं माहीत होतं. पोरगी वाईट नव्हती. पण पोराच्या संसारात कोणी खोटं बोलत असेल तर आईने डोळ्यांवर कातडं ओढून बसायचं का? उगाच हात दाखवून अवलक्षण नको, म्हणून आधी केंद्रात जाऊन खात्री करायची आणि मग निनादशी बोलायचं असं त्यांनी ठरवलं.

जलकेंद्रात त्यांची गाठ डॉ. सदफ काझींशी पडली. पस्तिशीची, बारीक चणीची बाई. घरच्या माणसाने स्वतः येऊन विचारलं तरच ठसे दाखवायचे असा नियम आहे, असं त्यांनी आधीच सांगितलं आणि पडद्यावर चार रेघा आणल्या.

“हा तुमचा मुलगा, काकू. खाडकन उघडतो, खाडकन बंद. ही सूनबाई, नळ कधी पुरता उघडतच नाही. आणि हा तुमचा हात.” ती रेघ एकसारखी चढून एकसारखी उतरली होती. “इतकी सरळ रेघ आम्हाला क्वचित मिळते.”

“शिवणाचा हात आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आणि ही चौथी?”

चौथी रेघ चढता चढता मध्येच थांबली होती. मग पुन्हा थोडी चढली, थांबली, खाली आली.

“ही फक्त स्वयंपाकघरात येते. आधी दुपारीच यायची, हल्ली संध्याकाळीही येते. दर वेळी साधारण एक कळशी पाणी घेते. तुमच्या सूनबाईंनी दोनदा पाहुणी म्हणून कळवलंय.”

“केतकीने स्वतः कळवलंय?” प्रमिलाबाईंचा आवाज चढला. “मला म्हणाली घोळ आहे. बघा म्हणजे. कोण आहे ही?”

“कानाला नाव कळत नाही, काकू. हात कळतो.” डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवलं. “त्या नळालाही कान आहे. पडताळून बघायचं म्हणून एकदा उघडून बंद करता?”

प्रमिलाबाईंनी नळ उघडला, बंद केला. वरच्या फलकावर अक्षरं उमटली. ‘ढोबळे, पहिली व्यक्ती.’ त्या समाधानाने येऊन बसल्या.

चहा आला. प्रमिलाबाईंनी मन मोकळं केलं. मोगरा, मागचं दार, कुंकू, निनादचा स्वभाव, सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या. त्यांनी मध्ये एकच विचारलं, “कळशी रोज कधी भरता?”

“सकाळी. शिळं पाणी मी कोणाला पिऊ देत नाही. रात्रीचं उरलेलं झाडांना घालायचं, कळशी घासायची, ताजं भरायचं. पाणीवाटा आला म्हणून आईची शिकवण थोडीच सोडायची?” बोलता बोलता त्या उठल्या. उष्टा कप दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून जायची त्यांना सवय नव्हती. बेसिनपाशी जाऊन कप विसळला आणि तो हातात घेऊनच, पदराला बोटं पुसत परत आल्या. “तर मी काय म्हणत होते, ती पाहुणी—”

बोलताना त्यांचं लक्ष हातातल्या कपाकडे गेलं. तो तसाच धरून बसणं बरं दिसेना, म्हणून त्या पुन्हा उठल्या आणि नळाकडे वळल्या. पाणी सुटलं. आपण इथे कशाला आलो, ते त्यांना क्षणभर समजेना.

“काकू,” डॉक्टर हलकेच म्हणाल्या, “कप तुम्ही मघाशीच धुतलात.”

प्रमिलाबाईंनी वर पाहिलं. फलकावर लिहिलं होतं, ‘ढोबळे, चौथी व्यक्ती.’

डॉक्टरांनी उठून नळ बंद केला.

“मी पाण्याची डॉक्टर आहे, मेंदूची नाही,” डॉ. काझी म्हणाल्या. “तुम्ही चांगल्या डॉक्टरांना दाखवा. मला दिसतं ते एवढंच की हात मध्येच थांबतो. नळ कशाला उघडला ते विसरल्यासारखा. माणूस एकच, पण ठसा दुसरा होतो. आम्ही याला फुटका ठसा म्हणतो.”

“आम्ही म्हणजे? अशी आणखी आहेत?”

“पुष्कळ घरं आहेत. घरच्यांच्या आधी आम्हाला कळतं. आपण होऊन सांगायची परवानगी नाही.”

“मग सांगता कोणाला?”

डॉक्टरांनी पडदा बंद केला. “मागणीचा अंदाज काढणाऱ्यांना. पुढच्या काही वर्षांत किती वाटे मोकळे होतील, ते त्यावरून धरतात. नव्या इमारतींना परवानगी त्या हिशेबाने मिळते.”

आपल्या नसण्याच्या भरवशावर कुठेतरी पाया खणला जात असेल, एवढंच प्रमिलाबाईंच्या मनात आलं.

“तुम्ही चौथीची कायम नोंद करून टाका,” डॉक्टर म्हणाल्या. “दाब कमी होणार नाही. फक्त पहिला ठसा सलग तीन महिने आला नाही, तर यंत्र ती व्यक्ती गेली असं धरतं. पण तुम्ही काळजी करू नका. चौथीचा वाटा चालू राहील. पाणी कमी पडणार नाही.”

घरी आल्यावर प्रमिलाबाई चपला न काढताच केतकीपुढे उभ्या राहिल्या.

“तुला कधी कळलं?”

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि खोटं बोलायचा विचार सोडून दिला. “पावसाळ्यात. दुपारी तुम्ही उठायचात, भरलेली कळशी बघायचात, म्हणायचात शिळं आहे, आणि मोगऱ्याला घालून परत भरायचात. मी एकदा सांगून बघितलं. तुम्हाला ते खरंच वाटेना, आणि इतक्या घाबरलात की मला बघवेना.”

ते सांगणंही प्रमिलाबाईंना आठवत नव्हतं.

“आणि निनाद? त्याने माझ्या सांगण्यावरून तुला घराबाहेर काढलं असतं तर?”

“माझ्यावर संशय घ्यायची सवय आहे या घराला,” केतकी म्हणाली. “तुमच्यावर कोणी घेतला असता तर तुम्हाला सोसलं नसतं.”

प्रमिलाबाईंना भडभडून आलं. त्यांनी सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग केतकीने फोन काढला. नोंद आजच करायला हवी होती. “चौथ्या व्यक्तीचं नाव विचारतायत, आई.”

“तू घाल काहीतरी,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

ओट्यावर कळशी काठोकाठ भरलेली होती. त्यांनी आत वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, आणि ते आजचं की कालचं हे त्याच्याकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. केतकीला विचारायला तोंड उघडलं, पण मघाशी विचारलं असेल तर? त्यांनी हात पुढे करून नळ उघडला, अगदी सावकाश, झबल्याच्या गळ्याला टाका घालावा तसा जपून, आणि तसाच बंद केला. इथे फलक नव्हता. भिंतीतल्या पाइपातून लहर मागे गेली. आत्ता नळापाशी कोण येऊन गेलं, ते त्या पेटीला कळलं.