अकरा मुक्या सीड्या

"पुन्हा 'नो डिस्क'!" सुनीलने प्लेयरच्या डोक्यावर टपली मारली. "उज्ज्वला, हा चौथा प्लेयर! याच्यातबी सीडी चालत नाई."

"त्याले कायले मारतं? पाचव्या घरी चल!"

दिवाळीची सुट्टी नुकती लागली होती. बाकीची पोरं फटाके उन्हात वाळवत बसली होती आणि ही दोघं चुलत भावंडं एक सीडी घेऊन बंजारा तांडाभर हिंडत होती. कारणही तसंच होतं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यातल्या मुली शेतांमधून फुलं वेचत गाणी म्हणतात. ती सगळी गाणी उज्ज्वलाच्या दादीला, म्हणजे आजी लालीबाईला तोंडपाठ. मुली नुसत्या तिच्यामागून री ओढायच्या. पुढची ओळ दादी म्हणणारच, मग लक्षात ठेवतो कोण! पण उन्हाळ्यात दादीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. गेल्या दिवाळीला उमरखेडच्या व्हिडिओ-दुकानवाल्या श्रावणभाऊंनी शूटिंग केलं होतं, म्हणून गाणी उरली ती फक्त या सीडीत. आणि तांड्याचे नायक खेमसिंग काल सरळ सांगून मोकळे झाले होते, "गाने कोनाले येत नाई, त यंदा डीजे लावू!"

"डीजेवर फुलं तोडाची? मी असेपर्यंत नाई!" बारा वर्षांची उज्ज्वला भर चौकात कडाडली होती. आता मागे हटली तर नाक कापलं जाणार होतं. त्याहून वाईट म्हणजे दादीची गाणी कायमची जाणार होती.

पाचवं घर पुष्पाकाकीचं. तिथेही 'नो डिस्क'! काकीने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "आमच्या लग्नाची सीडीबी चालत नाई वं. कोनाले सांगू नको. आमचा प्लेयर जुना हाये ना!"

उज्ज्वलाचे कान टवकारले. ती घरोघर विचारत सुटली, आणि काय आश्चर्य! जो तो हेच गुपित कानात सांगत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! शोकेसमध्ये सीडी मानाने ठेवलेली, पण आपलाच प्लेयर भिकार म्हणून सगळे गप्प. दोन घरांनी तर श्रावणभाऊंकडून नवे प्लेयर घेतले होते, तेही मुकेच. दादीची धरून अकरा सीड्या झाल्या. सगळ्या श्रावणभाऊंच्याच दुकानातल्या, आणि ते प्रत्येकाला म्हणायचे, 'माह्या कॉम्प्युटरवर त चालते!'

"अकराच्या अकरा प्लेयर येडे," उज्ज्वला म्हणाली, "अन् एकटा श्रावणभाऊचा कॉम्प्युटर शहाना?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी सगळ्या सीड्या पिशवीत घालून एसटीने उमरखेड गाठलं. बाजाराचा दिवस होता. श्रावणभाऊंनी दादीची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि दादी गायला लागली! सहा महिन्यांनी तो आवाज ऐकून उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ही रडायची वेळ नव्हती.

"पाहा! चालते का नाई? तुमचाच प्लेयर डबडा हाये," श्रावणभाऊ म्हणाले.

"असन, भाऊ," उज्ज्वलाने गरीब गाईसारखं तोंड केलं. "मंग तुमच्याजवळचा चांगला प्लेयर त दाखवा."

श्रावणभाऊंची कळी खुलली. खोकं फोडून त्यांनी कोरा प्लेयर रस्त्याकडे तोंड असलेल्या टीव्हीला जोडला. "हा कोनतीबी सीडी खाते!"

सुनीलने दादीची सीडी घातली. 'नो डिस्क'! दुसरी घातली, तिसरी घातली. बाजारातली माणसं गोळा झाली. अकरावीलाही टीव्हीने तेच सांगितलं.

"आता हाबी डबडा निंगाला का जी?" सुनीलने विचारलं आणि हशा पिकला!

श्रावणभाऊ घाम पुसू लागले. "सीडी भरली का मंग तिले बंद करा लागते, 'फायनलाइज' म्हंतेत त्याले. नाई त बाहेरच्या प्लेयरले वाचता येत नाई. पन एकेकीले पाच-पाच मिनिटं जाते! लगनसराईत मी ते करनंच सोडलं. कॉम्प्युटरवर त चालून राह्यली होती…"

"अन् लोकं सांगाले येत, तवा?"

श्रावणभाऊंनी मान खाली घातली. "तवा नवे प्लेयर खपत."

"माह्या पोरीच्या लग्नाचीबी इथलीच हाये!" गर्दीतून एकजण ओरडला. उज्ज्वलाने स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं.

"बंद करा, भाऊ. अकराच्या अकरा. त्याशिवाय मी हालत नाई!"

"ए पोरी, मले गिऱ्हाईक हायेत!"

"मंग आमी कोन हावो?"

श्रावणभाऊंनी पहिली सीडी उचलून कॉम्प्युटरमध्ये घातली. तासाभराने त्याच कोऱ्या प्लेयरवर एकेक सीडी वाजवून बघितल्यावरच उज्ज्वला उठली. त्या दोन घरांचे प्लेयरचे पैसे परत करायचंही श्रावणभाऊंनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

पुढचे चार दिवस तांड्यातल्या मुली टीव्हीसमोर गाणी शिकत होत्या आणि दादी रिमोट घेऊन बाजेवर बसली होती. ओळ चुकली की बोट उगारायची आणि गाणं पुन्हा मागे न्यायची. मुली घामाघूम झाल्या, पण एकही उठली नाही.

पाचव्या दिवशी खेमसिंग नायक डोकावले. "गाने त झकास! पन छोरीहो, हा टीव्ही शेतात कोन उचलून नेते?"

दादीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि अर्ध्या गाण्यात टीव्ही बंद केला. मुली गडबडल्या. मग पुढची ओळ उज्ज्वलाने उचलली. तिच्यामागे सगळ्या आल्या आणि एकही शब्द न चुकता गाणं शेवटाला गेलं.

खेमसिंग दारातून आत आले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "हॅलो, डीजेवाले? येऊ नका. आमच्या तांड्यात आवाज हाये!" आणि उज्ज्वला-सुनीलकडे वळून म्हणाले, "शाबास रे पोरंहो! आमी मोठे लाजत बसलो, तुमी जाऊन भांडलात."

दादीला शाबास म्हणता येत नव्हतं. तिने उज्ज्वलाच्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.