साहेबांचं झाकण आणि अर्धा इंच

"हे काय, कुणाचा झगा बेतलाय का?"

काउंटरवर पसरलेल्या तपकिरी कागदाकडे बघत शोभेच्या माशांच्या दुकानातला तो तरुण हसला, आणि टेलरबाईचं डोकं सणकलं. आधीच वेळ कमी, त्यात याला थट्टा सुचतेय!

"झगा नाही, झाकण आहे," ती म्हणाली. "आमची टाकी समोरून फुगीर आहे, तयार झाकण बसतच नाही. म्हणून माप बेतून आणलंय. उद्या संध्याकाळच्या आत पाहिजे, दिव्यासकट."

"उद्या? एवढी घाई?"

मग तिला सगळं सांगावंच लागलं. टाकी बाबांची. बाबा तीन आठवडे दवाखान्यात, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, उद्या घरी येणार. टाकीत एकच मासा, तळहाताएवढा, लालभडक. त्याचा रुबाब बघून बाबांनीच त्याचं नाव साहेब ठेवलं. दवाखान्यातून फोन आला की पहिला प्रश्न, "साहेब कसे आहेत?" आणि परवा हिने कामाच्या नादात कापडाचा गठ्ठा टाकीवर टेकवला, तर झाकण कडकन दुभंगलं. त्याच दुपारी साहेबांनी उडी मारली, ती थेट शिलाई मशीनच्या पायडलवर.

"ओल्या कापडात धरून परत टाकलं. तेव्हापासून वर जाळीचं कापड आहे, चिमटे लावून. बाबांना मी काही बोलले नाही. नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाला कसं सांगू, की तुमचा जीव ज्याच्यात अडकलाय, त्याला मी..."

तिने डोळे टिपले. त्याचंही हसू मावळलं.

"अहो, रडू नका. ॲक्रिलिक मी स्वतः कापतो. उद्या दुपारी घरी येऊन बसवून देतो. आता दिवा तेवढा निवडा."

त्याने दोन पट्ट्या लावून दाखवल्या. एक निळसर पांढरी, दुसरी किंचित पिवळसर. तिने पर्समधून लाल कापडाचा तुकडा काढला.

"हा साहेबांचा रंग. चिंध्यांत शोधून जुळवून आणलाय."

पांढऱ्या पट्टीखाली तुकडा विटका दिसला. पिवळसर पट्टीखाली धरला, तसा कसा खुलला! "हाच द्या," ती म्हणाली आणि मान वर केली, तर तो बघत होता... पण दिव्याकडे नव्हे.

"इतकी वर्षं दिवे विकतोय, पण असा निवडताना कुणाला पाहिलं नाही, मास्तर."

"मास्तर?"

"टेलरला मास्तरच म्हणतात ना?"

"आणि मासेवाल्याला काय म्हणतात?"

"काही नाही. 'अहो, तुमचा मासा मेला,' एवढंच म्हणतात."

तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला तो हजर. त्याने झाकण टाकीवर ठेवलं आणि त्याचा चेहराच पडला. चारी बाजूंनी ते अर्धा इंच बाहेर आलं होतं.

"असं कसं? तुमच्या कागदाबरहुकूम कापलंय. केसाचाही फरक नाही!"

तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी मार्जिन धरलं!"

"कसलं?"

"शिवणीचं! काय करणार, हाताला सवयच आहे..."

"झाकणाला शिवण?" तो जो हसत सुटला, की शेवटी तीही हसायला लागली. पण बाबा चार वाजता येणार होते. "आता काय हो करायचं?"

"मोठं झालंय ना, मग चिंता नाही. लहान झालं असतं तर पंचाईत होती."

त्याने फरशीवरच बैठक मारली. आधी आरी, मग कानस. पांढरी भुकटी त्याच्या पापण्यांवर जमत होती आणि झाकणाचं दुसरं टोक धरून ती ते बघत होती.

"मास्तर, तुमचा हात थरथरतोय."

"माझा नाही. झाकण थरथरतंय."

"मी तर केव्हाचा थांबलोय..."

तिचे कान तापले.

झाकण मापात बसलं, त्याला खालून दिव्याची पट्टीही लागली. तिने जाळी काढली. एकदा दिवा लागतोय का बघू, म्हणून त्याने झाकण हातात धरूनच बटण दाबलं. झगझगीत उजेड पडला, आणि बिचकून साहेब उसळले! पाण्याचा फवारा उडाला. तिने विचारबिचार केला नाही. अंगावरचा एप्रन दोन्ही हातांनी पसरला, तसा मासा त्याच्या झोळात पडला, आणि पुढच्या क्षणी तिने त्याला पाण्यात सोडलं.

मासा तळाशी गेला. कलंडला. तिने त्याचं मनगट कधी घट्ट धरलं, तिलाच कळलं नाही. मग एक पंख हलला... दुसरा हलला... आणि साहेब सावकाश वर आले, जसं काही झालंच नाही.

"हुश्श!" म्हणत ती खुर्चीत कोसळली.

"चूक माझी," तो घाम पुसत म्हणाला. "एकदम दिवा लावायचा नसतो, आधी खोलीतला लावायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना मीच बजावतो."

"मग आज कसे विसरलात?"

"आज... लक्ष साहेबांकडे नव्हतं."

त्याने झाकण नीट बसवलं, हत्यारं पिशवीत भरली आणि दारापाशी जाऊन उगाच रेंगाळला.

"उद्या येऊन जाऊ का? दिवा कसा चाललाय बघायला?"

"दिव्याला काय धाड भरलीय?"

"मग... नुसताच येऊ?"

तिने एप्रनचं ओलं टोक पिळलं. "नुसतेच या," ती म्हणाली.

चार वाजता बाबा आले, तिच्या थोरल्या भावाच्या खांद्याला धरून. चपलाही न काढता ते टाकीपुढे बसले. साहेब काचेपाशी आले, शेपटी हलवली, आणि बाबांचे डोळे भरून आले.

"झाकण नवीन दिसतंय," मग ते म्हणाले.

तिला राहवेना. गठ्ठा, उडी, मार्जिन, दिवा, एप्रन... सगळं एका दमात ओकून टाकलं. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले.

"अगं, ते झाकण मागच्या वर्षी मीच तडकवलं होतं," शेवटी ते पुटपुटले. "तू ओरडशील म्हणून गुपचूप चिकटवून ठेवलं."

"बाबा!" ती रडत रडत हसली. चार दिवसांचं ओझं एकदाचं उतरलं होतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात तो. धुवट शर्ट, भांग पाडलेला, आणि हात मोकळे. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"कोण आहे गं?" आतून बाबांचा आवाज आला. "तो झाकणवाला का? दिव्याचं काम निघालं का?"

"नाही बाबा." तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तो बघतच होता. "नुसतेच आलेत. मला भेटायला."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग त्याला दारात काय उभं केलंयस?" बाबा म्हणाले. "ये रे बाबा, आत ये. फक्त त्या बटणाला हात लावू नकोस."