वीस नंबरचे डोळे

मी दार ढकललं, आत उजेड शिरला आणि एका प्रयोगाची चाळीस मिनिटं वाया गेली. अंधाऱ्या खोलीत एक आजोबा यंत्रावर हनुवटी टेकवून पडद्याकडे बघत होते, आणि तारांच्या गुंत्यामागून एक मुलगा माझ्याकडे – खाऊ की गिळू असा.

"दारावर पाटी लावता येत नाही?" मी विचारलं.

"लावली होती."

"कुठंय?"

त्याने खाली बघितलं. पाटी माझ्या चपलेखाली होती.

मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी नेऊन दिली. तो हसला... आणि मी उगाचच तिथे दहा मिनिटं रेंगाळले.

तो न्यूरोसायन्सचा, मी मानसशास्त्राची. त्यांचा विभाग आमच्या विभागाला 'गप्पांचा कट्टा' म्हणायचा, आणि ते ऐकून माझं डोकं फिरायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच दोन्हीकडच्या मुलांना मिळून प्रकल्प करायचा होता. मॅडमनी नेमकी आमचीच जोडी लावली. मी त्याला 'तारवाल्या' म्हणायचे. तो मला 'प्रश्नावली'.

"ओळखीचा चेहरा दिसला की डोळ्याची बाहुली मोठी होते," तो म्हणायचा. "तोंड खोटं बोलतं. बाहुली नाही."

"बाहुली भीतीनेही मोठी होते. सतराला तेवीसने गुणायला लावलं तरी होते. काय वाटलं ते माणसालाच विचारावं लागतं."

"आणि तो खोटं बोलला तर?"

"तर तुला विचारता आलं नाही."

वर्षभर आम्ही असेच भांडलो. खुर्चीला खुर्ची लावून, एका डब्यात दोन चमचे घालून. हरला की तो माझी पेन्सिल पळवायचा आणि कानामागे खोचून फिरायचा. वाईट म्हणजे, त्याला शोभायची.

प्रयोग साधा होता. बाहेरून आणलेली वीस माणसं. प्रत्येकाला घरच्यांचे फोटो दाखवायचे, मधेमधे अनोळखी चेहरे; प्रत्येक चेहरा सहा वेळा. अनोळखी चेहऱ्यांपैकी एका बाईंनी ऐनवेळी आपला फोटो परत मागितला, म्हणून मी तिथे माझा घातला. आकडे तपासायचं काम माझं. समोर नावं नाहीत, फक्त नंबर.

प्रकल्प द्यायच्या दिवशी दुपारी मी वीस नंबर उघडला. सगळ्या अनोळखी चेहऱ्यांना रेघ सपाट. माझ्या फोटोला मात्र बाहुली टम्म. सहाच्या सहा वेळा.

शेजारच्या रकान्यात त्याचं अक्षर – 'वगळावा. कारण : यंत्रात बिघाड.'

यंत्रात काहीही बिघाड नव्हता. सकाळीच मी ते तपासलं होतं.

"वीस नंबर कोण?"

"नावं सांगायची नसतात, प्रश्नावली."

"तारवाल्या..."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "विसावा माणूस काल आलाच नाही. मग मीच बसलो. बटण दाबायला लॅबमधल्या काकांना बसवलं. तुझा फोटो त्यात आहे हे डोक्यातूनच गेलं."

"पडद्यावर आला तेव्हा?"

"म्हटलं, निर्विकार राहू."

"सहा वेळा?"

"पाच वेळा प्रयत्न केला. सहाव्यांदा सोडून दिला."

मला हसू येत होतं आणि संतापही. संताप आधी बाहेर पडला.

"हे कारण खोटं आहे. मी सही करणार नाही."

"यंत्र बिघडलं तर एकोणीस माणसं चालतात. आपली चूक असली तर नाही. वर्ष जाईल – तुझंही."

"जाऊ दे. खोट्या कारणावर पास व्हायला मी आले नाही. पाच वाजेपर्यंत दुसरा माणूस शोधू. आधी हे खोड."

त्याने खोडलं. लिहिलं – 'सहभागी फोटोतल्या मुलीला ओळखतो.'

"मला झेरॉक्सवालाही ओळखतो. पूर्ण लिही."

"अगं, हे मॅडम वाचणार आहेत."

"म्हणून तर."

मग त्याने सावकाश, वळणदार अक्षरात पुढे लिहिलं – 'आणि ती त्याला वर्षभरापासून आवडते.' त्याचे कान लालभडक झाले.

"आता तुझी पाळी," तो म्हणाला. "बाहुली मोजू?"

"मोजू नकोस. विचार."

"मी तुला..."

"हो."

"वाक्य तरी पूर्ण होऊ दे."

"कर की."

"मी तुला आवडतो?"

"आवडतोस. किती, ते नंतर सांगते. अडीच वाजलेत."

आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या. मॅडमनी तो रकाना दोनदा वाचला. "कारण पटण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "पाचच्या आत विसावा आणा. दोघांनाही न ओळखणारा."

आणि तिथे घोडं अडलं. अख्ख्या विद्यापीठात मी जिच्याशी भांडले नाही अशी व्यक्ती सापडेना. ग्रंथपाल, माळी, लिफ्टवाला... सगळे लांबूनच ओळखून वाट बदलत होते.

"गेटाबाहेर जाऊ," म्हणून तारवाल्याने माझा हात धरला. बसस्टॉपवर पिशव्या सांभाळत एक काकू उभ्या होत्या. कधीच न बघितलेल्या.

"काकू, अर्धा तास मिळेल? तुमच्या मोबाईलमधले घरचे आणि आमचे थोडे फोटो बघायचेत."

काकूंनी आमच्या हातांकडे बघितलं. "लग्नाचे का?"

"अजून नाही," मी म्हणाले.

तारवाल्याने मुकाट्याने काकूंच्या दोन्ही पिशव्या उचलल्या.