चारशे बारा विहिरी

"उद्या अकराला माझ्या नोकरीवर समितीचं मतदान आहे," कोरीन बोद्रो म्हणाली. "सात वर्षं इथे घासली. कायम झाले नाही, तर वर्षभरात गाशा गुंडाळायचा."

खासगी तपासनीस मॉड केसेनिकने तिच्या हातातलं निनावी पत्र वाचून लाइलकडे दिलं. तिचा मदतनीस लाइल अमंडसन याच हॅलोवे विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. प्राध्यापक मंडळींची नस आपल्याला सापडली आहे, अशी त्याची पक्की समजूत होती.

समितीला आलेलं पत्र थोडक्यात होतं. बोद्रोबाईंनी लुइझियानातल्या चारशे बारा जुन्या विहिरींवर लेख लिहिला. दप्तरात तेवढ्या विहिरी नाहीतच. आकडा बनावट.

"छापील लेखात तीनशे ऐंशी आहेत," कोरीन म्हणाली. "पहिल्या मसुद्यात नोंदींची एक वही माझ्याकडून दोनदा मोजली गेली. छापण्याआधी चूक माझी मीच दुरुस्त केली."

"तो मसुदा कुणी पाहिला?"

"मासिकाच्या संपादकांनी, आणि त्यांनी नेमलेल्या परीक्षकाने. त्याचं नाव आम्हाला कधी कळत नाही. हा त्याचा अभिप्राय."

तारीख दोन वर्षांपूर्वीच्या मार्चची. लेखिकेने चार लेखांची दखल घेतली नाही, अशी तक्रार होती. तीन लेख लिओनोरा स्ट्रिकचे, चौथा गथ्री पेलचा, 'पुरानंतरची गावं'. दोघंही कोरीनच्याच विभागातले, समितीवरचे.

"स्ट्रिकबाई," लाइल म्हणाला. "आपलेच लेख दुसऱ्याच्या गळ्यात मारायचे, ही परीक्षकांची जुनी खोड."

मॉडने अभिप्राय बॅगेत टाकला.

विभागप्रमुख हार्लन व्हॉस घड्याळाकडे बघतच बोलला. "तिचा लेख मी वाचलेला नाही. समितीत कुणीच वाचला नसेल. पत्र मात्र सगळ्यांनी वाचलंय."

"लिहिणारा सापडला नाही तर?"

"पत्र फायलीत राहील आणि बाई घरी जाईल."

स्ट्रिकने त्यांना बसा म्हटलं नाही. "तिचं पुस्तक सुमार आहे. हे मी तिला तोंडावर सांगितलंय. निनावी कशाला लिहू? सही करायला मला आवडतं."

पेलने मात्र स्वतः कॉफी ओतून दिली. "पोरीला इथे मीच आणलं. माझ्या पुस्तकातल्या चुका तिने परीक्षण छापून चारचौघांत काढल्या, तरी माझ्या मनात काही नाही."

"तुम्हीही त्या भागावर लिहिता?"

"दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, 'पुरानंतरची गावं' छापून आला. त्याआधी लेखाचं नावसुद्धा मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे चोर फार."

"भला माणूस," जिना उतरताना लाइल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती समितीच्या खोलीत उभी राहिली.

"चारशे बारा हा आकडा छापलाच गेला नाही. तो फक्त मसुद्यात होता. संपादक कोरीनबाईंना ओळखत नाहीत, त्यांना इथल्या मतदानाशी काय देणंघेणं? म्हणजे पत्र परीक्षकाचं. त्याने छापील लेख उघडूनही पाहिला नाही."

"तीन लेख स्ट्रिकबाईंचे आहेत," लाइल पुटपुटला.

"विषय त्यांचा आहे. ते लेख कुणीही सुचवील. पण चौथा लेख ऑक्टोबरात आला, आणि अभिप्राय मार्चचा. मार्चमध्ये त्याचं नाव एकाच माणसाला ठाऊक होतं. मिस्टर पेल, हे काल तुम्हीच सांगितलंत."

लाइलचे कान तापले. त्या माणसाची कॉफी तो दुसऱ्यांदा मागून प्यायला होता.

पेलने चष्मा पुसला. "माझ्या तीस वर्षांच्या कामावर हिने दोन पानांत बोळा फिरवला. आणि मी टाळ्या वाजवायच्या?"

पत्र फायलीतून निघालं. पेलला मतदानातून वगळलं. कोरीन पाच विरुद्ध चार मतांनी कायम झाली.

"एक मत माझं," स्ट्रिक तिला म्हणाली. "पुस्तक अजूनही सुमारच आहे. पण याच्या बाजूने हात वर करायची मला किळस आली."

"आता पेलचं काय?" लाइलने व्हॉसला विचारलं.

"काय व्हायचंय? समज देऊ. तेही कायम आहेत."

"माझी खोली त्यांच्या शेजारी आहे," कोरीन म्हणाली. "बदलून मिळेल?"

"खोल्या ज्येष्ठतेने मिळतात."

"ते निवृत्त कधी होतील?"

व्हॉस कागद आवरू लागला. "इथे निवृत्तीला वय नसतं, बाई."