जुळ्यातलं दुसरं

शस्त्राची निवड ही माणसाच्या चारित्र्याची अखेरची परीक्षा असते. राजांनी तलवारी निवडल्या, सेनापतींनी तोफा निवडल्या, आणि त्यातून इतिहास घडला. मी माझं शस्त्र निवडलं ते गळाच्या डब्यात, पेस्टी नावाच्या खिम्याच्या करंजीशेजारी, नीट मावतं म्हणून.

आमच्याकडे, अमेरिकेच्या उत्तरेला, म्हातारे लोक जंगलात जाताना असं एखादं छोटं रिव्हॉल्व्हर कमरेला लावतात. बावीसची बारीक गोळी, फिरत्या चक्रीत गोळ्यांची सहा घरं, हातभर सोडा, वीतभरच लांबी. त्याने कोल्हा दचकतो, रानतित्तिर कधीमधी पडतो, आणि अस्वलाला हसू येतं. उपयोग म्हणाल तर छत्रीइतकाच, पण छत्रीसारखंच, नसलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी काउंटीच्या साप्ताहिकात आयुष्यभर विनोदी सदर लिहिलं. निवृत्त झालो तेव्हा संपादकाने त्या जागी बर्फ उपसायच्या यंत्राची जाहिरात टाकली, आणि एकाही वाचकाची तक्रार आली नाही. तेव्हापासून मी ओढ्यावर ट्राउट मासळी धरतो. ट्राउटचीही माझ्याबद्दल काही तक्रार नाही, कारण फारशा सापडतच नाहीत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आयली कांगासचा फोन आला.

“लॉइड, एमिलची रिव्हॉल्व्हरं काढून ठेवलीत. एक निवडून ने. बाकीची मुलगी आली की दुकानात देईन.”

एमिल तिचा नवरा आणि माझा मित्र. ओढ्यावरचा माझा जोडीदार. फिनिश माणसाच्या मानाने बोलका होता, म्हणजे प्रश्न विचारला तर ‘हं’ म्हणायचा. गेल्या वर्षी याच दिवसांत तो घरामागच्या देवदारांच्या दलदलीत शिरला आणि बाहेर आला नाही. शेरीफची माणसं आली, हेलिकॉप्टर आलं, कुत्री आली. कुत्री एका आडव्या पडलेल्या देवदारापर्यंत गेली आणि तिथे खाली बसली. पुढे जाईनात. त्यांचा मालक त्यांना ओरडला नाही. तोही जरा वेळ तिथेच उभा राहिला, मग सगळे परत आले.

आयलीच्या स्वयंपाकघरात कॉफी होती, वेलदोड्याचा पाव होता, आणि टेबलावर निळ्या पट्ट्यांचा मोठा आंघोळीचा टॉवेल अंथरून त्यावर रिव्हॉल्व्हरं मांडली होती. एमिलने ती जन्मभर हौसेने जमवली होती.

“टॉवेलला तेल लागतंय,” मी म्हणालो.

“असू दे. एमिलला तेलाचे डाग चालतात.”

मी एकेक हातात घेतलं. लांब नळीचं चकचकीत होतं ते कपाटात शोभेल, पण चालताना मांडीला टोचेल. निकेलचा मुलामा दिलेलं सुंदर होतं, फक्त त्याची चक्री लुळी, पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. एकाच्या घरांच्या कडा ठेचल्या गेल्या होत्या. ही गोळी न भरता घोडा ओढत बसणाऱ्याची खूण. या गोळीची दारू बुडाच्या काठात असते, त्यामुळे घोडा मध्यावर नाही, काठावर आपटतो. आत गोळी नसेल तर लोखंडच ठेचतं. शेवटी उरलं एक छोटं. निळं पॉलिश झिजलेलं, अक्रोडाची मूठ, चक्री घट्ट. हातात घेतलं आणि बोटं आपोआप जागेवर बसली.

“हे जुळ्यातलं,” आयली म्हणाली. “एकसारखी दोन घेतली होती त्याने. एक घेऊन तो गेला. हे दुसरं तुझ्यासाठीच होतं.”

ते मला ठाऊक होतं. ओढ्यावर त्याने मला ते देऊ केलं होतं. मी म्हणालो होतो, माझ्याकडे जीभ आहे, तेवढं शस्त्र पुरे. एमिलने बराच विचार करून सांगितलं होतं, “जिभेचा आवाज दलदलीत पोचत नाही.”

त्याचा नियम साधा होता. हरवलात तर थांबून थांबून तीन बार काढायचे. ऐकणाऱ्याने उत्तरादाखल एकच काढायचा, आणि जागेवरून हलायचं नाही. हरवलेला आवाजाच्या दिशेने येतो. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की दोन प्रेतं शोधावी लागतात, असं तो म्हणे. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून दुसरं ऐकलं नाही.

आयलीने कॉफी ओतली. “हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की मुलगी येणार. नळांतलं पाणी काढायचं, घराला कुलूप घालायचं, मला तिच्याकडे ग्रीन बेला न्यायचं, असं तिने ठरवलंय. मी काहीच ठरवलेलं नाही. तू तिकडे जातोसच ना? काही दिसलं तर सांग. काही दिसलं नाही तरी सांग. फक्त ‘बघू’ म्हणू नको. वर्षभर सगळे तेच म्हणतायत.”

“आणि मी सांगितलं, की काही नाही तिथे?”

“मग शनिवारी सॉना तापवायचं बंद करीन. लाकूड पुष्कळ लागतं रे.”

वर्षभर दर शनिवारी ती सॉना, म्हणजे अंगणातलं वाफेच्या आंघोळीचं खोपट, तापवत होती. एकटीसाठी एवढी आग कोण करतं, हे गावात कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दलदलीच्या कडेने गेलो. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच गोळ्या. घोड्याखालचं घर रिकामं, ही इथली जुनी सवय. पडलो-झडलो तर आपलाच पाय वाचावा म्हणून. कानातली ऐकायची यंत्रं खिशात ठेवली होती, कारण वाऱ्यात ती शिट्ट्या मारतात आणि माझ्या चालीवर शेरे मारल्यासारखं वाटतं. शेवाळावर पाय टाकला की जमीन जरा खाली जाई आणि मागून पुन्हा वर येई. देवदारांच्या मुळांमधलं पाणी काळं, चहासारखं. एक तित्तिर उडाला. मी कमरेच्या चामडी म्यानाकडे हातही नेला नाही. आडव्या पडलेल्या देवदारापाशी जरा थांबलो आणि परत आलो.

घरी चक्री उघडून गोळ्या काढल्या. दोन जिवंत होत्या. तीन नुसत्या उडालेल्या पुंगळ्या.

नळीला जळक्या दारूचा ताजा वास येत होता.

मी खुर्चीत बसून शांतपणे विचार केला. माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. तसे तीन बार काढून विसरला असेल. माझ्या वयाला हे शोभतं. समाधान झालं, पण जेवण गेलं नाही.

पुढच्या वेळी कानातली यंत्रं घातली. घालताना प्रत्येक गोळी बोटांनी चाचपली. देवदारापाशी उभा राहिलो. पाण्याचा बुडबुड आवाज, दूर एका कावळ्याची हाक, बाकी काही नाही. बार झाला नाही, शपथेवर सांगतो. घरी चक्री उघडली. तीन पुंगळ्या.

त्या घेऊन मी आयलीकडे गेलो. टेबलावर ठेवल्या आणि झालं ते सांगितलं. टॉवेल अजून तिथेच होता, त्यावरची रिव्हॉल्व्हरं तेवढी खोक्यात गेली होती.

तिने फडताळातून कॉफीचा जुना डबा काढला आणि टॉवेलवर उपडा केला. एमिलच्या पुंगळ्या. या पुन्हा भरता येत नाहीत, तरी तो साठवायचा. सगळे त्याला हसायचे. मी तर त्याच्यावर अख्खं सदर लिहिलं होतं.

“हे बघ,” तिने शब्दकोड्याचं भिंग माझ्या हातात दिलं. “प्रत्येक घोडा पुंगळीच्या बुडाच्या काठावर आपला दात उमटवतो. एमिल घेऊन गेला त्या जुळ्याच्या घोड्याचा कोपरा तुटका होता. अक्रोड फोडायला गेला होता मूर्ख.”

डब्यातल्या सगळ्या पुंगळ्यांवर कोपरा तुटलेला दात होता. मी आणलेल्या तिन्हींवरही तोच होता.

माझ्या रिव्हॉल्व्हरचा घोडा मी खिडकीपाशी धरून पाहिला. चारी कोपरे शाबूत.

“डब्यातल्याच कुणीतरी माझ्यात घातल्या असतील,” मी म्हणालो.

“कोणी? तुझ्या घरी कोण येतं? तुझे वाचक?”

तिने पुंगळ्या गोळा केल्या, डब्यात भरल्या, माझ्या तीनही त्यांतच टाकल्या. मग खिडकीतून मागच्या झाडांकडे पाहिलं.

“तू उत्तर दिलंस?”

“कशाला?”

“तीनला.”

“मला ऐकूच आलं नाही, आयली.”

“पण कळलं ना?” ती म्हणाली. “वर्षभर तो बार काढतोय आणि कुणी उत्तरच देत नाहीये. शनिवारी जा. मी सॉना तापवते.”

शनिवारी दुपारपासून हिमाची भुरभुर होती. जमीन नुकती पांढरी होऊ लागली होती आणि माझ्या बुटांचे ठसे मागे काळे उमटत होते. दलदलीच्या तोंडाशी धुकं होतं. पडलेल्या देवदारापाशी पोचलो, आणि कुत्री जिथे बसली होती तिथे उभा राहिलो. परत फिरावं असं वाटलं, हे कबूल करतो. पण काय सांगणार होतो? ‘बघू’?

हिम देवदारांच्या पानांवर पडताना अगदी बारीक आवाज होतो. तेवढाच येत होता.

मग कमरेला काहीतरी टोचलं.

ट्राउट गळाला नुसतं तोंड लावून बघते, तसं. थोडा वेळ गेला. पुन्हा टोचलं. पुन्हा थोडा वेळ.

तिसऱ्यांदा.

मी म्यानातून रिव्हॉल्व्हर काढलं. नळीवर हिमाचा कण पडला आणि पडताक्षणी नाहीसा झाला. दुसरा पडला, तोही.

मी नळी शेवाळाकडे केली आणि एक बार काढला.

आवाज कोरडा आणि लहान होता. झाडांनी तो परत दिला नाही.

हलायचं नाही, हा नियम होता. मी हललो नाही. बोटं बधिर झाली. धुकं जवळ आलं, अंगावर आलं, पुढे गेलं. पाणी एकदा डचमळलं. मग ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्याच्याखाली, अगदी पुसट, वेलदोड्याचा.

“एमिल?” मी म्हणालो.

माझ्या मागे, शेवाळावर, जमीन जरा खाली गेली आणि पुन्हा वर आली. मला ते पायांत कळलं.

मी घराकडे निघालो. भराभर चाललो नाही, कारण भराभर चालणं उद्धटपणाचं वाटलं. मागेही पाहिलं नाही.

आयलीच्या अंगणाच्या कुंपणाशी पोचल्यावर पाहिलं. झाडांपासून कुंपणापर्यंत ठशांची एकच ओळ होती. माझीच. बरं वाटलं. मग शेवटच्या ठशात मी माझा बूट ठेवून पाहिला.

चहूबाजूंनी दोन-दोन बोटं जागा उरली.

सॉनाच्या खोपटाच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. छोट्या खिडकीत कंदिलाचा उजेड होता, काचेवर आतून वाफ. आयली दाराबाहेर उभी होती, रिकामी बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं नाही.

“उत्तर दिलंस?”

“दिलं.”

“हं,” ती म्हणाली.

आत तापल्या दगडांवर कुणीतरी पाणी टाकलं. मोठं चर्र झालं. मग एक लांब, समाधानाचा श्वास.

मला बरंच काही विचारायचं होतं. ग्रीन बेचं काय, एवढंच कसंबसं म्हणालो.

“मुलीला मी कळवीन,” आयली म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. “तू एक काम कर. टेबलावरचा तो निळ्या पट्ट्यांचा टॉवेल आण. तेलाचे डाग असू देत.”

मी वळलो.

“आणि घरात जाताना बूट काढ, लॉइड. फरशी आत्ताच पुसलीय. त्यानेसुद्धा काढलेत.”