मोहोलीच्या मागच्या दाढा

"उद्या दुपारी खाटकाची गाडी येणार म्हणजे येणार!" मामाने दारातूनच फर्मान सोडलं. "मोहोली संपला. खातो खातो, तरी हाडांचा सापळा!"

तेरा वर्षांच्या मोलिएहीने हातातली मोळी तिथेच टाकली. सकाळपासून सरपण वाहून तिचे खांदे भरून आले होते. सुट्टी म्हणे! त्यापेक्षा शाळा परवडली. आणि आता हे! मोहोली तिच्या आजोबांचा घोडा. वारण्याआधी त्यांनी त्याचा लगाम तिच्याच हातात दिला होता.

"मामा, त्याचे दात दुखत असतील का?"

"मला शिकवतेस?" मामा खवळला. "घोड्याचा ओठ वर करून दात बघावेत तर मीच! या अख्ख्या डोंगरात माझ्यासारखं वय कुणी सांगून दाखवावं! चौदा वर्षांचा आहे, दात ठणठणीत. लगाम लावला की मान झटकतो, नुसती नाटकं! चाबूकच हवा त्याला."

मामा तरातरा निघून गेला. तेवढ्यात तिचा मावसभाऊ त्लाली मूठ मिटून आत आला.

"ताई, हे बघ. किळस आली तरी बघ!"

अर्धवट चावलेल्या गवताचे लाळेने थबथबलेले गोळे होते ते.

"खुंट्यापाशी ढीग पडलाय नुसता! आणि लिदीत मक्याचे दाणे अख्खेच्या अख्खे!"

"म्हणजे तो चावतच नाहीये," मोलिएही हळूच म्हणाली. "त्लाली, मामा बघतो ते समोरचे दात. गवत तर मागच्या दाढांनी दळतात! तिथे कुणी बघितलंय?"

"कुणी नाही! तिथे हात घालायचा म्हणजे बोटं गेलीच!"

खिंडीपलीकडे मेंढ्यांना औषध पाजायला गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई, एम्मे मात्सेलिसो, नेमक्या उद्याच येणार होत्या.

पहाटे दोघांनी घोडा सोडला.

"कुठे रे?" मामा ओरडला.

"पाणी पाजायला!" त्लालीने ठोकून दिलं, आणि मग पुटपुटला, "खिंडीपलीकडच्या नदीवर."

चढ संपता संपेना. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा; वारा हाडं पोखरत होता. मोहोली दर दहा पावलांवर थांबायचा. मोलिएहीचेही पाय गळून गेले. "चल रे राजा," ती त्याला म्हणत होती, "मीही दमलेय. पण थांबलो तर संपलंच."

एम्मे मात्सेलिसोंनी पहिल्यांदा मुलांनाच झापलं. "एवढ्या अशक्त घोड्याला इथवर आणलंत?" मग गुंगीचं इंजेक्शन देऊन लोखंडी चापाने त्याचं तोंड उघडलं आणि आत टॉर्च मारला. एकेक दाढ बोटाने चाचपली.

"दाढांना सुऱ्या फुटल्यात गं पोरी! गाल आतून सोललाय, जीभ कापलीय. चावता येत नाही, म्हणून अंगी लागत नाही, पोट दुखतं. तोंड चुकवायला मान वाकडी धरतो, म्हणून पाठही आखडलीय. नुसत्या दाढांमुळे सगळा घोडा आजारी!"

लांब दांड्याची कानस खरखर चालू झाली. एका दाढेचा वाकडा, टोकदार आकडा तर पकडीनेच तोडावा लागला. तो मोलिएहीने रुमालात बांधला. गुंगी उतरेपर्यंत थांबून ते परत निघाले.

अंगणात गाडी उभी होती. मामा लालबुंद.

"थापाड्यांनो! कुठे होतात?"

भांडायचं त्राण मोलिएहीत उरलंच नव्हतं. तिने रुमाल सोडला. "मामा, याच्यावर अंगठा दाबा. जोरात."

"हॅ! याने काय... आई गं!" अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला.

"असे आकडे होते त्याच्या तोंडात. लगाम ओढला की गाल यांच्यावर घासायचा."

त्लालीने भिजवलेलं गवत पुढे टाकलं. मोहोली हळूहळू चावू लागला, अगदी सावकाश. पण एकही गोळा खाली पडला नाही.

मामा बघत राहिला. अंगठा तसाच धरून तो मट्‌कन खाली बसला.

"मान झटकली की मी चाबूक ओढायचो," तो म्हणाला. "वर्षभर. आणि दुखतंय हे त्याने दुसरं कसं सांगायचं होतं?"

मग मामा उठला आणि गाडीवाल्याला म्हणाला, "जा बाबा. इथे विकायला काही नाही." त्याने अंगावरची लोकरी कांबळ काढली आणि मोहोलीच्या पाठीवर पांघरली.

"मोलिएही, आजोबांनी लगाम योग्य हातात दिला होता. मीच आंधळा."

"आणि माझ्या हातांचं काय?" त्लाली कुरकुरला. "लाळेचे गोळे मी उचलले!"

मामा हसला, पण डोळे पुसत. मोलिएही मात्र मोहोलीच्या पायांशीच झोपून गेली होती.