राखणीची शिकवणी

साडेअकरा वाजत आले, चार पेले पाणी रिचवून झालं, तरी प्रणालीताईंची राखणी काही उघडेना. लातूरच्या त्या दवाखान्यात संडासाचा नळ सोडून त्या अर्धा तास बसल्या होत्या. ओटीपोट दगडासारखं झालेलं. शेवटी डॉ. देवळेंनी बाहेरून हातातल्या यंत्राचं बटण दाबलं, तेव्हा कुठे ताई मोकळ्या झाल्या. मोकळ्या झाल्या आणि तिथेच बसून रडल्या.

राखणी ठाऊक नाही अशी मधुमेही बाई त्या काळात शोधून सापडली नसती. हरभऱ्याएवढं यंत्र, माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंवर बसवलेलं. रक्तात साखर वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि साखर जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून सारखी लागते. त्यात साखरेने मज्जातंतू बिघडले की मूत्राशय खोट्या हाका मारतं. मग रात्री पाच-पाच वेळा उठा, झोपेचं खोबरं, आणि झोप मोडली की साखर आणखी चढणार. राखणी या हाका अडवायची आणि सोयीची वेळ बघून आपणच दार उघडायची. सोयीची वेळ कोणती, हे ती पहिल्या एकवीस दिवसांत त्या बाईकडूनच शिकायची. त्या दिवसांना शिकवणी म्हणत.

बाहेर बाकावर कृतिका बसली होती. ताईंची चोवीस वर्षांची लेक, लहानपणापासून इन्सुलिनवर. दोन तासांच्या वर सलग झोप नाही. गेल्या महिन्यात डुलकी लागून स्कूटरवरून पडली होती. आज तिला राखणी बसवायची होती, आणि हट्ट आईचा होता.

"दोन वर्षांपूर्वी, शिकवणीच्या दिवसांत तुम्ही काय करत होतात?" आत डॉक्टरांनी ताईंना विचारलं.

"काय करणार? सूनबाई बाळंत झालेली, घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळ्यांची जेवणं, भांडी, ओटा. मग माझं."

"लागली असली तरी?"

"पंगत बसलेली असताना उठून जायचं होय?" ताईंना प्रश्नाचीच गंमत वाटली.

डॉक्टर हसल्या नाहीत. "राखणी तेच शिकली. तुमचा जीव कुणापायी अडकलाय, हे तिला नाडीवरून कळतं. तो सुटेस्तोवर ती उघडत नाही. तिच्यात बिघाड काही नाही."

"मग पुसून टाका. नव्याने शिकवते."

"पुसली तरी कोरी होत नाही, ताई. राखण्या एकमेकींकडून शिकतात. चार लाख बायकांच्या सवयींचा मिळून एक पाठ झालाय, त्याला आम्ही मूळपाठ म्हणतो. नवी राखणी तिथूनच सुरू होते."

"आणि या चार लाख जणींनी काय शिकवलं?"

"तुम्ही शिकवलंत तेच."

"पुरुषांच्याही अशाच?"

"त्यांचा मूळपाठ वेगळा. त्यांच्या लागली की उघडतात."

ताईंचं डोकं फिरलं. "काढूनच टाका मेली."

"काढली तर दोन वर्षं गप्प बसलेले तंतू पुन्हा बोलायचे नाहीत, जन्मभर लघवीला नळी. ठेवली तर साठलेली लघवी उलटी मूत्रपिंडावर जाते. तुमचं एक आत्ताच सुजलंय."

इकडे आड, तिकडे विहीर. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण लेकीला आपण हाताला धरून इथे आणलं, याची ताईंना भयंकर लाज वाटली.

"कृतिकाला नको बसवायला."

"झोपेवाचून तिची साखर आवरायची नाही. वाट एकच. मूळपाठ मोडता येतो, पण पहिल्याच शिकवणीत, तंतू गप्प बसण्याआधी. एकवीस दिवस तिने लागली की उठायचं. घराला आग लागली तरी. एकदाही चुकायचं नाही."

"जमेल तिला," ताई म्हणाल्या. "हल्लीच्या पोरी आमच्यासारख्या नाहीत."

बाहेर येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. "ऐकतेयस ना? कुणासाठी म्हणून थांबायचं नाही."

"हो गं आई. त्यात काय अवघड आहे?"

ताईंच्या जीवात जीव आला. तेवढ्यात नर्सने नाव पुकारलं. कृतिका उठली, ओढणी सारखी केली आणि घाईघाईने संडासाकडे वळली.

"एवढं जाऊन येते. दीड तास झाला, कळा यायला लागल्यात."

"मग इतका वेळ गेली का नाहीस?"

"तू आत डॉक्टरांकडे होतीस ना. म्हटलं, तुझं होऊ दे."